फुकट दवाखाना आहे, मग ती माणसं जात का नाहीत?

"केईएम आहे, सायन आहे, नायर आहे. केस पेपर काढला की तपासणी होते, औषधंही मिळतात. मग फुटपाथवरची माणसं पायात किडे पडेपर्यंत थांबतात कशाला?" लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, आमच्याबरोबर नव्याने येणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला सतत येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझी नोकरी सर्जिकल वॉर्डातली. निवृत्त झाल्यावर काही डॉक्टर आणि समाजसेवक मंडळींबरोबर दादर ते किंग्ज सर्कलच्या पट्ट्यात संध्याकाळी ड्रेसिंगचं सामान घेऊन फिरते. वॉर्डात असताना डिस्चार्ज कार्ड हातात देऊन मी हजारदा म्हटलं असेल, "घरी जाऊन आराम करा." आपली सगळी आरोग्यव्यवस्था त्या 'घरी'वर उभी आहे. गोळी फुकट मिळते हो, पण गोळी ठेवायला कोनाडा, जखम कोरडी ठेवायला छप्पर, पडून राहायला जागा आणि पाणी द्यायला माणूस हे सगळं रुग्णाने घरून आणायचं असतं.

फूलबाजारात पहाटे गोणी वाहणारे एक काका आहेत. नडगीवर जुनी जखम, त्यात साखरेचा आजार, म्हणजे मधुमेह. ओपीडी सकाळची, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. बरं, मजुरी सोडूनही जातील, पण बोचकं कुणाकडे ठेवणार? त्यात चादर, कपड्यांचा जोड, भांडं आणि आधार कार्डाची झेरॉक्स असते. रांगेत उभं असताना ते गेलं तर सगळा संसार गेला. फुटपाथवरची माणसं दवाखान्यात न जाण्याचं सगळ्यात साधं कारण मी हेच ऐकलंय, आणि ते बाहेर कुणाच्या ध्यानातही येत नाही. एवढं करून गेलेच, तर सांगितलं जातं: रोज ड्रेसिंगला या, पाणी लागू देऊ नका, पाय उंच ठेवून झोपा.

त्यांचं ड्रेसिंग आम्ही दुकानाच्या पायरीवर करतो. पट्टी मांसाला चिकटलेली असते. ती ओढायची नाही, सलाईन सोडत सोडत भिजवायची. खाली किडे दिसले तर टर्पेंटाइनचा बोळा धरायचा; ते हवेसाठी वर येतात आणि मग चिमट्याने एकेक उचलायचे. काका तेवढा वेळ रस्त्याकडे तोंड करून बसतात. दुखण्यापेक्षा वासाची लाज जास्त. "सिस्टर, तुम्ही जेवून आलात ना?" असं मलाच विचारतात. त्यांचं इन्सुलिन शेजारच्या दूध डेअरीच्या फ्रिजमध्ये, दह्याच्या डब्यांमागे असतं. डेअरीवाल्या भाऊंनी स्वतःहून ती जागा करून दिली. औषध शासनाचं, सुई आमची, आणि उपचार चालू राहिले ते त्या फ्रिजमुळे.

पावसाळ्यात तर विचारू नका. उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टो उघड्या जखमेतून शिरतो. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. तुंबलेल्या पाण्यातून चालून आलात तर डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्या, असं दर वर्षी सांगतात. तुमच्या-माझ्यासाठी ते पाणी रस्त्यावरचं. त्यांच्यासाठी ते अंथरुणातलं.

टीबीचं आणखी वेगळं. साध्या टीबीच्या गोळ्या सहा महिने रोज घ्यायच्या असतात. रिफाम्पिसिनने लघवी केशरी-लाल होते. हे आधी कुणी समजावलं नाही, तर रक्तच जातंय म्हणून माणूस घाबरून गोळ्या सोडतो. पोषणासाठी निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० मिळतात. पण पैसे जमा होतात बँक खात्यात, आणि खात्याला कागद लागतात. आमच्या ओळखीच्या एका बाईंचा गोळ्यांचा डबा तर बोचक्यासकट गाडीत गेला. फुटपाथ मोकळा करायला गाडी येते तेव्हा कपडे कुठले, भांडी कुठली आणि टीबीचं औषध कुठलं, हे कोण बघत बसतंय? त्या रडत होत्या. आम्ही लगेच केंद्रावर घेऊन गेलो, तिथल्या मुलीने न ओरडता नवीन गोळ्या दिल्या. ती ओरडली असती तर बाई परत गेल्या नसत्या, एवढं मी खात्रीने सांगते.

बायकांचं दुखणं पाण्यापासून सुरू होतं. शौचालयाला पैसे पडतात आणि रात्री अंधारात तिथवर जायची भीती. म्हणून त्या दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. मग लघवीची जळजळ, ताप, पोटात कळा. अँटिबायोटिकचा कोर्स देतो, बऱ्या होतात, महिन्याभरात पुन्हा तेच.

आणि भीती. मुंबईत १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथल्यापुरत्या त्यातल्या बऱ्याच तरतुदी रद्द केल्या, आपल्याकडे तसं झालेलं नाही. व्हॅन दिसली की चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात नेतील म्हणून माणसं पळतात. व्हॅन कशाची आहे ते बघायला थांबत नाहीत. म्हणून आम्ही पायी जातो.

कुणी म्हणेल, निवारे आहेत की. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं होतं की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, चोवीस तास आणि बाराही महिने चालणारा. २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षातला आकडा त्याच्या जवळपासही जात नाही. बेघर मात्र त्याच जनगणनेत ५७ हजारांच्या वर मोजले गेले, आणि जे मोजणाऱ्यांना दिसलेच नाहीत ते वेगळे.

मला विचाराल तर सगळ्यात मोठं भगदाड पडतं ते डिस्चार्जनंतर. वॉर्डातल्या सिस्टरला मी दोष देणार नाही. जमिनीवर गाद्या टाकून पेशंट झोपवलेले असतात, तिला बेड हवाच असतो. पण पायाची दोन बोटं काढलेला माणूस तिसऱ्या दिवशी पुलाखाली येतो, आणि महिन्याभरात पाय घोट्यापासून कापायची वेळ येते. एवढं मोठं ऑपरेशन, रक्त, भूल, डॉक्टरांचे तास, सगळं दोन आठवडे झोपायला खाट नव्हती म्हणून वाया. गाडगेबाबांना हे फार आधी कळलं होतं. आजारी माणसाला डॉक्टरइतकीच पाठ टेकायला जागा लागते, हे ओळखून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आजही टाटाला येणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा देते. तिथे जागा न मिळालेले परळच्या फुटपाथवर दिसतात. गावी त्यांचं घर असतं. आजारपणाने त्यांना मुंबईत बेघर केलेलं असतं.

अमेरिकेत बॉस्टनला बेघरांच्या आरोग्यासाठी १९८५ पासून काम करणारी एक संस्था आहे. तिचे डॉक्टर जिम ओकॉनेल नवखे असताना तिथल्या परिचारिकांनी त्यांना आधी स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावला आणि निवाऱ्यात येणाऱ्यांचे पाय धुवायला बसवलं. त्यांतल्याच बार्बरा मॅकिनिस यांचं नाव आज संस्थेच्या वैद्यकीय विश्रामगृहाला आहे: हॉस्पिटलात ठेवण्याइतका आजारी नाही, पण रस्त्यावर सोडण्याइतका बराही नाही, अशा माणसासाठी खाट, नर्स आणि जेवण. आपल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयाशेजारी अशा वीस-पंचवीस खाटा असाव्यात, यासाठी आम्ही भेटेल त्या अधिकाऱ्याला आणि नगरसेवकाला अर्ज देत असतो. महागड्या मशिनी नकोत. स्वच्छ चादर, नळ, संडास आणि ड्रेसिंग येणारी एक मुलगी हवी.

तोवर तुम्ही काय करू शकता? रस्त्यात कुणी जखमी किंवा तापाने फणफणलेलं दिसलं तर आधी खाली बसा, म्हणजे तोंड त्यांच्या उंचीला येईल, आणि नाव विचारा. १०८ला फोन करा, पण फोन करून निघून जाऊ नका. गाडी येईपर्यंत थांबा आणि बोचकं त्यांच्याबरोबर गाडीत चढवा. जमलं तर रुग्णालयापर्यंत जा. केस पेपरवर 'अनोळखी' लिहिण्याआधी तिथे त्यांचं नाव सांगा, आणि वैद्यकीय समाजसेवकाचं ऑफिस शोधून तुमचा मोबाइल नंबर देऊन या. डिस्चार्ज ठरला की मला कळवा म्हणावं, मी येईन.