आमची वाटचाल: गिरणीचा आवाज पाठवा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आम्ही घरगुती पिठाच्या गिरण्या बनवतो. सुरुवातीची वर्षं सुरळीत गेली. गिरण्या विकल्या, बँकेचे हप्ते फेडले, शेड वाढवली. सांगायचं आहे ते आमच्या वेबसाइटवरच्या ‘तक्रार नोंदवा’ या पानाबद्दल.

हे पान मी आणि आमचे पहिले मेकॅनिक दादा, दोघांनी बसून ठरवलं. गिरणीच्या दाराच्या आतल्या पट्टीवरचा मशीनचा नंबर, कोणती जाळी लावली होती, काय दळत होतात, एवढंच विचारायचं. आणि मोबाइलवर गिरणीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. आवाजाचा हट्ट दादांचा. मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, म्हणजे बहुधा कपॅसिटर, मोटरला सुरुवातीचा झटका देणारा भाग, गेलेला. खरखर असेल तर बेअरिंग. आणि ‘पीठच पडत नाही’ अशी तक्रार आली की पहिला प्रश्न, भाजणी पूर्ण गार करून घातली होती का? कोमट भाजणी डब्यात भरून ठेवली की तिला घाम सुटतो, आणि तेच ओलं पीठ जाळीच्या भोकांत लिंपून बसतं. प्लग काढा, जाळी काढा, उन्हात वाळवा, कोरड्या ब्रशनं झाडा. मेकॅनिक पाठवायची गरजच पडत नाही.

यातलं निम्मं शहाणपण सांगलीच्या एका काकूंमुळे आलं. त्या थालीपिठाची आणि चकलीची भाजणी दळून विकतात. काही अडलं की जाळी खिडकीच्या उजेडात धरून फोटो पाठवायच्या. कुठली भोकं बुजली आहेत ते स्पष्ट दिसायचं. तेव्हापासून फॉर्ममध्ये ‘जाळी उजेडात धरून फोटो काढा’ ही ओळ आहे.

२०२२च्या दिवाळीच्या तोंडावर मात्र आमच्या नाकी नऊ आले. इंटरनेटवर आमच्या नावाखाली, आमचाच फोटो लावून कुणीतरी भलताच मोबाइल नंबर टाकला. गिऱ्हाईक नाव शोधायचं, समोर दिसेल तो नंबर लावायचं. पलीकडचा गोड बोलायचा: तुमचे पैसे परत देतो, लिंक उघडा, पिन टाका. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, तो फक्त द्यायला लागतो. पण गिरणी बंद आणि दिवाळी डोक्यावर, अशा वेळी माणसाला कुठून सुचणार? खात्यातले पैसे गेले की लोक आमच्या दारात. चोर सोडून संन्याशाला फाशी!

त्यात उद्यमनगरातल्याच एका स्पर्धकानं डीलरांना फोन करून सांगितलं की हेच लोक फसवतात. ऐन हंगामात ऑर्डरी रद्द झाल्या, तयार गिरण्या शेडमध्ये पडून राहिल्या. कामगारांच्या बोनससाठी घरातलं सोनं गहाण ठेवलं. ते मी विसरलेलो नाही.

त्या वेळी हे पानच कामी आलं. प्रत्येक तक्रार, आमचं उत्तर, तारीख, वेळ, सगळं नोंदलेलं होतं. कुठेही फोनवर पैसे मागितल्याची एक ओळ नाही. त्याच्या प्रिंट काढून पोलिसांकडे दिल्या, डीलरांसमोर ठेवल्या. फसलेल्या लोकांना शेजारी बसवून १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार लावून दिली. काकूंनी आपल्या बचत गटांत आपल्याच आवाजात निरोप फिरवला, खरा फोन नंबर गिरणीच्या दाराच्या आत आहे, तोच लावा.

नव्या उद्योजकांना सांगतो, तुमचा नंबर मालावरच कोरा, स्टिकर निघून जातो. आठवड्यातून एकदा आपलंच नाव गिऱ्हाइकासारखं शोधून बघा. ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायला सांगितली आहे. आम्ही त्याच दिवशी देतो, आणि उत्तर लिहिणाऱ्याचे हात गिरणीला लागलेले असतात. ज्यानं कधी जाळी काढली नाही त्याला तिथे बसवू नका.

डीलर हळूहळू परत आले. एक अजून आलेला नाही, तो आता त्या स्पर्धकाचा माल विकतो. पण त्यानं पूर्वी विकलेल्या आमच्या गिरण्यांच्या तक्रारी आमच्याकडेच येतात, आणि आम्ही त्या सोडवतो.