कार्ड दाखवलं, पण...

आज सकाळी भावाला घेऊन ठाण्याहून दिव्यांग डब्यात चढले. तो 24 वर्षांचा, बघायला अगदी धडधाकट. भांडुप यायच्या आत एका काकांनी हटकलं, "तुला काय झालंय रे?" त्याने यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, काढलं. काकांनी ते हातात घेऊन आजाराचं नाव मोठ्याने वाचलं. मग काय, डबाभर चौकशी. हे पसरतं का? लग्नाचं काय? दादर येईपर्यंत तो दाराबाहेर बघत होता.

(त्याला विचारूनच लिहितेय. आजाराचं नाव वगळ म्हणाला.)

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत. त्यातले थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरोसिस माणसाकडे बघून कळतीलच असं नाही. काकांचा संशय मी समजू शकते, धट्टेकट्टे लोक त्या डब्यात रोज घुसतात. पण समोरच्याला कळायला हवं ते एवढंच, की हा इथे बसू शकतो. त्याला फोटो आणि वैधतेची तारीख पुरे. आजार आणि टक्केवारी कार्डावर छापायचीच कशाला? ती तपासणाऱ्या अधिकाऱ्याला स्कॅन करून दिसू दे. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगितलंय.

लंडनच्या गॅटविक विमानतळावर 2016 मध्ये न दिसणारं अपंगत्व असलेल्यांसाठी सूर्यफुलांची चित्रं असलेला, गळ्यात घालायचा पट्टा सुरू झाला. तो पुरावा नव्हे, पण मदत लागू शकते एवढं सांगतो, आजार सांगत नाही.

संध्याकाळी परतताना भाऊ साध्या डब्यात चढला. ठाण्यापर्यंत उभाच होता.