डच सराफांची नाणेवही: चांदीची पानं, आस आणि पितळी वजनं

मंडळी, नाणेवहीतली सोन्याची पानं संपली आणि काम चांदीवर आलं. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. १६३३ साली अँटवर्पच्या हियेरोनिमस फेरडुसेन या मुद्रकाने शपथबद्ध सराफांसाठी एक डच पुस्तक छापलं. पानोपानी नाण्यांची लाकडी ठशांची चित्रं आणि त्यांसोबत भाव. त्या काळात अशा वह्या हातानेही लिहिल्या जात. त्याच धर्तीवर मी माझी वही लिहितेय: स्कॅन समोर, टाक हातात, मजकूर मराठीत.

हे पुस्तक आपल्या कॅटलॉगसारखं वाचायला गेलं तर हाती काही लागत नाही, हे आता पुरतं पटलंय. त्याच्या लांबलचक शीर्षकातच सगळं आहे. बंदी घातलेली, कडा कातरलेली, वजनाला कमी भरणारी, फार झिजलेली आणि म्हणून मोडीत धरलेली सोन्याचांदीची नाणी सराफाने कोणत्या भावाने घ्यायची, त्याचा हा हुकूम आहे. चित्र फक्त ओळख पटवण्यापुरतं. खरा ऐवज आहे तो वजनावरचा भाव: मार्कला इतके, औंसाला इतके, एंगेल्सला इतके, आसाला इतके. सराफाने नाणं त्या भावाने घ्यायचं आणि ते टांकसाळीच्या मुशीत जायचं. म्हणजे ज्या नाण्यांसाठी आपण लिलावात जीव टाकतो, ती या पुस्तकाच्या हिशेबाने केव्हाच वितळायला हवी होती. ही जाणीव झाल्यापासून झिजक्या, कातरलेल्या नाण्यांबद्दल माझा आदर फार वाढलाय.

आता वजनं. ट्रॉय मार्क सुमारे २४६.०८ ग्रॅमचा. त्याचे ८ औंस, औंसाचे २० एंगेल्स, एंगेल्सचे ३२ आस. मार्कात ५,१२० आस बसतात, म्हणजे एक आस ०.०४८ ग्रॅमचा, आपल्या गुंजेच्या निम्म्याहूनही कमी. चांदीचा कस १२ पेनिंगांत मोजायचा आणि पेनिंगचे २४ ग्रेन. सोन्याला २४ कॅरट आणि कॅरटचे १२ ग्रेन. ही मापं एकदा अंगवळणी पडली की ग्रॅम आणि दशांश अपूर्णांक परके वाटायला लागतात. (सिमोन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८५ मध्ये दशांश पद्धतीची पुस्तिका काढली तेव्हा टांकसाळीच्या अधिकाऱ्यांनाही ती उद्देशून लिहिली होती. आस-एंगेल्सचे भागाकार स्वतः केल्यावर त्याची कळकळ समजते.)

या खेपेला सर्वांत जास्त आनंद दिला तो दक्षिण नेदरलँड्सच्या दोन मोठ्या नाण्यांनी. आल्बर्ट आणि इसाबेला यांच्या कारकिर्दीतली ही नाणी: १६१२ पासूनचा पाटागॉन आणि १६१८ पासूनचा ड्युकाटन. पाटागॉन २८.१० ग्रॅम, कस १० पेनिंग १२ ग्रेन, भाव ४८ स्टायव्हर (स्टायव्हर म्हणजे तिथलं हिशेबाचं छोटं चलन, २० स्टायव्हरचा एक गिल्डर). ड्युकाटन ३२.४८ ग्रॅम, कस ११ पेनिंग ८ ग्रेन, भाव ६० स्टायव्हर म्हणजे ३ गिल्डर. वजन वेगळं, कस वेगळा, भाव वेगळा. पण एका स्टायव्हरमागे शुद्ध चांदी किती, ते काढलं तर पाटागॉनला ०.५१२ ग्रॅम येते आणि ड्युकाटनला ०.५११. पाव टक्क्याचाही फरक नाही! टांकसाळीच्या माणसांनी कागदावर ही गणितं किती चोख बसवली होती, ते वहीत दोन ओळी शेजारीशेजारी लिहिल्यावर उघड दिसतं. ज्यांनी अजून हा हिशेब करून पाहिलेला नाही त्यांनी आवर्जून करावा.

सिंहछाप लेउवेनडाल्डरला स्वतंत्र पान दिलंय. हॉलंडने १५७५ मध्ये, स्पेनशी युद्ध चालू असताना काढलेलं हे नाणं. ठरलेलं वजन २७.६८ ग्रॅम, म्हणजे बरोबर १८ एंगेल्स. कस ९ पेनिंग, म्हणजे शुद्ध चांदी साडेतेरा एंगेल्स. इतके सरळ आकडे वहीत दुसऱ्या कुठल्याच नाण्याला नाहीत. एका मित्राच्या संग्रहातलं नाणं तोलून पाहिलं तर २६.४ ग्रॅम भरलं. सराफाच्या भाषेत १७ एंगेल्स ५ आस, म्हणजे २७ आसांची तूट. यावर तो किती बट्टा कापेल, हा विचार आपल्या पेशवाईतल्या पोतदारालाही सहज कळला असता.

वजनांचा संचही हळूहळू जमतोय. डच सराफाच्या लाकडी पेटीत छोटा तराजू आणि चौकोनी पितळी वजनं असत. प्रत्येक नाण्याचं वजन वेगळं, त्यावर त्याच नाण्याचा छाप. अँटवर्पच्या वजनांच्या पाठीवर शहराचा हात. शिवाय आसांची पातळ पत्र्याची वजनं एका झाकणाच्या खणात. ती आसांची वजनं मी करून पाहिली. ०.१ मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा, ज्याला वर्कशॉपवाले शिम म्हणतात, तो आणला. साडेसात मिलिमीटर बाजूचा चौकोन कापला की जवळपास नेमका एक आस भरतो. चिमट्याशिवाय उचलू नका, आणि तोलताना पंखा बंद ठेवा.

चित्रांबद्दल एवढंच: आधी नाण्याच्या व्यासाचं वर्तुळ, मग बाहेरच्या कड्यातली अक्षरं आणि सर्वांत शेवटी मधली आकृती. उलट क्रमाने केलं तर लेउवेनडाल्डरवरची ‘कॉन्फिडेन्स डोमिनो नॉन मोव्हेतुर’ ही लॅटिन ओळ कड्यात मावत नाही.

सोन्याच्या पानांत डच ड्युकॅट आधीच उतरलाय: ३.४९ ग्रॅम, २ एंगेल्स आणि सुमारे पावणेनऊ आस, हातात तलवार आणि बाणांची जुडी घेतलेला योद्धा. त्याच्या शेजारी मी व्हेनिसचा ड्युकॅटही घेतलाय, कारण तीच आपली पुतळी, जी माळेत ओवून घराघरांत आली. घरच्या जुन्या माळेतली पुतळी अस्सल व्हेनिसची असेल आणि दोऱ्यातून सोडवून तोलता येत असेल, तर वजन मिलिग्रॅमपर्यंत कळवा. कडी डाखलेली असेल तर तसंही लिहा, म्हणजे ती वजा धरून आस काढता येतील.

पुढचं पान स्पॅनिश आठ रेआलचं. वेड्यावाकड्या कडांची ही नाणी वर्तुळात काढता येत नाहीत, म्हणून प्रत्येकाची बाह्यरेषा वेगळी घ्यावी लागणार आहे. त्यासाठी ट्रेसिंग पेपर आणून ठेवलाय.