“बाई, परत नाही करणार तो”

रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाडीच्या जिल्हा परिषद शाळेत मी सातवीची वर्गशिक्षिका आहे. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांचे वडील मुंबईला नोकरीत असून ते गणपतीला आणि शिमग्यालाच गावी येतात. त्यामुळे शाळेची चिठ्ठी गेली की येते ती आई, आणि तीही बहुधा हातातले काम टाकून.

गेल्या ऑक्टोबरमध्ये, भातकापणी ऐन भरात असताना, एका मुलाच्या आईला मी तिसरी चिठ्ठी पाठवली होती. मुलगा हुशार, परंतु श्रावणापासून आठवड्यातून दोन-तीनदा, पोषण आहाराची सुट्टी संपली की त्याच्या पोटात दुखू लागे आणि घरी सोडा म्हणून तो गळ घाली. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना तपासणीत काही दोष आढळला नव्हता, आणि तेवढ्या आधारावर मी चिठ्ठीत ‘शाळा टाळण्यासाठी सबबी सांगतो’ असे लिहिले होते. ते वाक्य मला आजही बोचते.

त्या आल्या तेव्हा पिशवीत विळा तसाच होता. बसण्याआधीच हात जोडून म्हणाल्या, “बाई, परत नाही करणार तो. काल चांगला मारलाय मी त्याला.”

शिक्षण हक्क कायद्याने 2009 मध्येच शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे, आणि मी मुलांवर कधी हात उगारलेला नाही. पण माझ्याच चिठ्ठीमुळे त्या मुलाने घरी मार खाल्ला होता. शिक्षकखोलीत इतर सहकारी होते, म्हणून मी त्यांना रिकाम्या वर्गात नेले, पाणी दिले आणि हजेरीपट बाजूला ठेवून एवढेच विचारले, “ताई, घरी कसा असतो तो?”

बराच वेळ त्या जेवण, अभ्यास, मोबाइल असे बोलत राहिल्या. मला चालेल असेच काही सांगायचे, हा त्यांचा प्रयत्न दिसत होता. मग मध्येच म्हणाल्या, “रात्री उठून माझ्या नाकापुढे बोट धरतो. मला वाटायचं, झोपेत करतो.”

आषाढात त्याचे आजोबा वारले होते, हे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते असे, की तो लहानपणापासून त्यांच्याच कुशीत झोपत असे; एके दुपारी तो शाळेत असताना त्यांना रत्नागिरीला हलवले गेले, तिसऱ्या दिवशी ते गेले, आणि पोर घाबरेल म्हणून त्याला मामाकडे ठेवून दहावे-बारावे उरकले. त्याला कुणी काही नीट सांगितले नव्हते. हे सांगता सांगता त्या स्वतःच थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “म्हणजे त्याला वाटत असेल, आता मी पण…” मी काही समजावून देण्याची गरज उरली नाही.

पुढच्या मदतीचा विषय काढताच त्यांचा चेहरा उतरला. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि आमच्याकडे ‘रत्नागिरीला पाठवायला हवं’ हे वाक्य शिवीसारखे वापरले जाते, त्यामुळे ती भीती मला समजत होती. म्हणून मी टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या फोन मदतसेवेचा 14416 हा क्रमांक सांगितला. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, ती मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. घरी जाऊन त्यांच्याने तो लावला गेला नसता, असे माझे मत आहे; म्हणून त्याच वर्गात, माझ्याच फोनवरून, आम्ही दोघींनी मिळून तो लावला. रात्री मुंबईहून वडिलांचा फोन आला. आधी ते चिडलेले होते, मग बराच वेळ गप्प राहिले, आणि शेवटी त्यांनी विचारले, “मी रोज फोनवर पहिलं अभ्यासाचं विचारतो, ते चुकतं का, बाई?”

दोन गोष्टी आम्ही लगेच ठरवल्या. आईने त्याला आजोबांचे सगळे, शेवटच्या दिवसांसह, सांगायचे आणि तो रडला तर रडू द्यायचे. आणि शाळेने त्याला सुट्टीत एकदा घरी फोन करू द्यायचा. त्या रात्री मायलेक दोघेही खूप रडले, असे नंतर कळले.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानुसार तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत मी, मुलाचे नाव न घेता, पालकसभा कापणी-लावणीच्या दिवसांत संध्याकाळी घ्यावी आणि सभेत कुणाच्याही मुलाचे गुण सर्वांसमोर वाचू नयेत, असा विषय मांडला. मुख्याध्यापकांना दुसरा मुद्दा लगेच पटला नाही. आयांनी तो लावून धरला.

पोटदुखी लगेच थांबली नाही. डिसेंबरात आजोबांच्या वाढदिवसाच्या सुमारास ती दोन दिवस पुन्हा उसळली. पण या वेळी चिठ्ठी शाळेतून घरी गेली नाही, घरून शाळेत आली. आईने वहीच्या पानावर लिहिले होते, ‘बाई, आज त्याला आजोबांची आठवण येते आहे. जरा लक्ष ठेवा.’