दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत संभाजीनगर

मराठवाड्यातला माणूस संभाजीनगरला येतो तो कामापुरता. पेशंट घेऊन घाटीच्या सरकारी दवाखान्यात, तारखेला खंडपीठात, नाहीतर मार्कशीटसाठी विद्यापीठात. काम उरकलं की रिक्षा, स्टेशन आणि परतीची गाडी. शहर बघायला पाहुणे येतात, आपण नाही. म्हणून या वेळी मुंबईला जाताना आम्ही परभणीहून थेट गाडी असूनही तिकिटं मुद्दाम तोडून काढली. सकाळच्या मराठवाडा एक्सप्रेसनं संभाजीनगर आणि तिथून रात्रीच्या देवगिरीनं मुंबई. सोबत बायको आणि सत्तरीकडं झुकलेल्या आत्या. ज्यांना असं करायचं असेल त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात आधी एक सांगतो: एवढ्या वेळात वेरूळच्या मागं लागू नका. तीस किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, वाटेत दौलताबादचा किल्ला खुणावतो, आणि एकट्या कैलास लेण्यालाच निवांत दोन-तीन तास हवेत. घड्याळाकडं बघत कैलास पाहण्यात काही अर्थ नाही. शिवाय मंगळवारी वेरूळ बंद असतं. अजिंठा तर शंभर किलोमीटरवर, त्याचा विचारच नको. त्याऐवजी शहराची उत्तरेकडची बाजू धरा. पाणचक्की, बीबी का मकबरा आणि औरंगाबाद लेणी ही तिन्ही ठिकाणं एकाच अंगाला, एकमेकांपासून दोन-तीन किलोमीटरच्या अंतरानं आहेत. सगळ्यात लांब लेणी. आधी तिथं जायचं आणि एकेक ठिकाण पाहत स्टेशनकडं परत यायचं. लेणी अंधार पडायच्या आत बंद होतात, म्हणूनही हाच क्रम बरा.

स्टेशनवर उतरल्यावर पहिलं काम सामानाचं. क्लोक रूममध्ये बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत आणि तिकीट दाखवावं लागतं, तेव्हा छोटी कुलपं घरूनच आणा. चाकाची मोठी बॅग ओढत लेण्यांच्या पायऱ्या चढता येत नाहीत. बाहेर आल्यावर प्रत्येक ठिकाणी वेगळी रिक्षा करण्यापेक्षा थांबण्यासकट पूर्ण फेरीचा भाव आधी ठरवून घ्या. मकबऱ्याजवळ रिक्षा सहज मिळते, लेण्यांजवळ मात्र परतीचं वाहन मिळेल याची खात्री नसते. आम्ही ठरवलेला रिक्षावाला मकाई दरवाज्याजवळचाच निघाला. रस्ते तर दाखवलेच, पण कुठल्या वेळी कुठल्या दरवाज्यात वाहनं अडकतात हेही त्याला पाठ होतं. मकाई आणि महमूद दरवाज्यांच्या कमानी चारशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या वाहतुकीच्या मापाच्या आहेत. शाळा-ऑफिस सुटायच्या वेळी तिथं खोळंबा होतो.

आता लेणी. मराठवाड्यातल्या बहुतेकांनी ही पाहिलेली नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात, साधारण सहाव्या-सातव्या शतकातली ही बौद्ध लेणी. चौथ्या क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, त्याहूनही जुनं. दोन मुख्य समूह आहेत, मध्ये सुमारे एक किलोमीटरचं अंतर. दोन्हीकडं पायऱ्या. वेळ किंवा गुडघे यांपैकी एकाचीही कमतरता असेल तर पहिला समूह सोडा आणि दुसऱ्याकडं जा, कारण सातवं लेणं तिथं आहे. पहिल्या समूहात तिसऱ्या लेण्यातल्या गाभाऱ्यात बुद्धमूर्तीसमोर दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष भक्त आहेत, जवळजवळ खऱ्या माणसाच्या आकाराचे. त्यांच्या केशरचना आणि दागिने बघताना ही आपल्याच भागातली, कोणे एके काळची खरी माणसं असणार असं वाटत राहतं. हे आम्ही दोघांनी पाहिलं. आत्या खाली सावलीत बसल्या.

सातव्या लेण्याला मात्र त्या आल्या, एकेक पायरी टेकत. तिथं गाभाऱ्याच्या वाटेवर संकटात धावून येणाऱ्या अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाची उंच मूर्ती उभी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार लहान चौकटी कोरलेल्या आहेत. प्रत्येक चौकटीत एकेक संकट: आग, बुडणारी नाव, चवताळलेला हत्ती, सिंह, साप. संकटातला माणूस हात जोडून धावा करतो आहे. हे सगळे वाटसरूंचे धोके. या डोंगराजवळून व्यापारी मार्ग जात, आणि पुढच्या वाटेवर निघण्याआधी माणसं इथं येऊन काय मागत असतील ते या चौकटी सरळ सांगतात. आत्यांनी नाव बुडण्याची चौकट बराच वेळ निरखली. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. आत गाभाऱ्यात भिंतीवर एक नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्यं वाजवणाऱ्या सहा बायका आहेत. तिच्या कमरेची लचक आणि एका बाजूला झुकलेला हात मोबाइलच्या टॉर्चच्या तिरप्या उजेडात एकदम जिवंत होतो. टॉर्च समोरून धरू नका, बाजूनं धरा; कोरीवकाम सपाट दिसत नाही. चांगली बॅटरी असेल तर उत्तमच. पाणी बरोबर न्या, वर काही मिळत नाही. आम्ही हिवाळ्यात गेलो होतो. मार्च ते मे भर दुपारी म्हाताऱ्या माणसांना या पायऱ्यांवर नेऊ नये.

वरून शहर दिसतं, मकबऱ्याचे मिनार दिसतात आणि विद्यापीठाचा हिरवा परिसरही. 1958 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला 1994 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं. जवळच नागसेनवन आहे, जिथं बाबासाहेबांनी 1950 साली मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. बुद्धलेण्यांच्या पायथ्याशी ही दोन्ही नावं असणं मला फार मोलाचं वाटतं.

मकबऱ्याबद्दल थोडक्यात. औरंगजेबाची बेगम दिलरस बानो 1657 मध्ये वारली, तिची ही कबर. इथल्या मुख्य दरवाज्यावर पितळी पत्र्याची वेलबुट्टी आहे, तिथं थांबा. या बांधकामाचा वास्तुकार अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहौरीचा मुलगा. त्यामुळं लोक इथं येऊन ताजशी तुलना करतात, दोन फोटो काढतात आणि निघतात. असं करू नका. जवळ जाऊन भिंतीला नजर लावा. खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला संगमरवर आहे, मधला भाग आपल्याच काळ्या दगडाचा, आणि त्यावर चुन्याचा इतका गुळगुळीत गिलावा की दगड कुठं संपला आणि गिलावा कुठं सुरू झाला ते चटकन कळत नाही. गिलाव्यात उठवलेली नक्षी बघण्यासारखी आहे. कबर खालच्या पातळीवर आहे, वरून अष्टकोनी जाळीच्या कठड्यातून वाकून पाहायची. तिकीट मोबाइलवरून काढता येतं, रांगेतली दहा-पंधरा मिनिटं वाचतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

पाणचक्कीला आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घाटीच्या अगदी जवळ आहे ही. आत्या हौदाच्या काठावर बसल्या आणि म्हणाल्या, “किती खेपा मारल्या रे घाटीच्या. तुझ्या काकांच्या वेळंला तर महिनाभर इथंच होते. पलीकडं हे आहे, कुणी सांगितलंच नाही.” यावर काय बोलणार? पेशंटजवळच्या माणसाला तासभर बसायला यासारखी जागा नाही. एवढ्यासाठी तरी ज्यांचं कुणी घाटीत असेल त्यांना हे जरूर सांगा.

पाणचक्की म्हणजे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी, अठराव्या शतकातली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी काही किलोमीटरवरून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून इथं आणलं. एका बांधीव खांबातून ते वर चढवलं आणि उंचावरून हौदात सोडलं, त्याच जोरावर खालचं चाक आणि जातं फिरायचं. दर्ग्यात उतरणाऱ्या फकीर-यात्रेकरूंचं पीठ त्यावर दळलं जाई. नळातून पाणी खेळवण्याचं हे शास्त्र शहरात त्याआधीच रुजलं होतं: 1610 मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवणाऱ्या मलिक अंबरनं नहर-ए-अंबरी बांधून अख्ख्या वस्तीला पाणी दिलं होतं. ज्या मराठवाड्यात आज टँकरची वाट बघतात, तिथं चारशे वर्षांपूर्वी हे झालं होतं. हौदाचा तळ हाच खालच्या दालनाचं छत आहे, त्यामुळं ते दालन उन्हाळ्यातही गार राहतं. आवारातला जुना वड पाहाच. पाण्याचा पडदा नीट बघायचा असेल तर पावसाळ्यानंतर या.

परतताना भडकल दरवाजा रिक्षातूनच पाहिला. 1612 मध्ये मलिक अंबरनं मोगलांवरच्या विजयाच्या आठवणीसाठी बांधलेला, शहरातला सगळ्यात भव्य. गुलमंडीत गरम इमरती खाल्ली. नान-खलिया इथली खासियत, मटण खाणाऱ्यांनी जुन्या शहरात बुढ्ढीलेनच्या बाजूला जावं. आत्या माळकरी, म्हणून आम्ही थाळी जेवलो. हिमरूची, म्हणजे इथल्या रेशीम-सुती विणीची, शाल घ्यायची असेल तर हातमागावरची आहे का ते विचारून, उलटी बाजू बघून घ्या. घाई असेल तर घेऊच नका.

तिकिटाबद्दल दोन गोष्टी. संभाजीनगरहून मुंबईचं आरक्षण मिळत नसेल तर नांदेड किंवा परभणीहून बघा. तिथलं मिळालं तर बोर्डिंग स्टेशन बदलून संभाजीनगर करून घ्या. हे किमान एक दिवस आधी ऑनलाइन करा. न बदलता नुसतं पुढच्या स्टेशनवर चढायला गेलात तर बर्थ दुसऱ्याला दिलेला असू शकतो. दुसरं, परभणी ते मनमाड हा मार्ग वर्षानुवर्षं एकेरी राहिला. क्रॉसिंगला गाड्या थांबतात आणि उशीर होतो. त्यामुळं दोन गाड्यांच्या मध्ये किमान सहा तास ठेवा आणि सकाळची गाडी किती मागं आहे ते बघूनच लेणी की फक्त पाणचक्की-मकबरा हे ठरवा. ॲपमध्ये स्टेशन शोधताना नवं नाव छत्रपती संभाजीनगर टाका, कोड सीपीएसएन. आमची देवगिरी त्या रात्री जवळपास वेळेवर आली.