आरक्षण क्रमांक 14: बगीचा

आमची नगरपरिषद ‘क’ वर्गाची. वस्ती चाळीस हजारांच्या आत, एक एसटी स्टँड, शुक्रवारचा बाजार आणि सध्या जिकडेतिकडे रंगकाम. स्वच्छ सर्वेक्षण तोंडावर आलं की आमच्या भिंतींवर मोर नाचायला लागतात. यंदा भर म्हणून वेशीवर ‘सहर्ष स्वागत’ची कमान मंजूर झालेली.

मी नगररचना विभागात रचना सहायक. त्या दिवशी सकाळपासून बांधकाम विभागाशी माझं कमानीवरूनच वाजत होतं. विकास योजनेत, म्हणजे गावाच्या मंजूर आराखड्यात, तो रस्ता 18 मीटरचा. यांनी खांब आजच्या डांबराच्या कडेला आखलेले. उद्या रस्ता रुंद झाला की स्वागताचे खांब रहदारीच्या मधे. “मॅडम, तो रुंद होईल तेव्हा बघू,” हे उत्तर मिळालं. आमच्याकडे बरीच कामं या एका वाक्यावर चालतात.

तेवढ्यात एक आबा आले. कापडी पिशवीतून त्यांनी सातबारा, झोन दाखला आणि वकिलाकडून करून आणलेली नोटीस काढली. कलम 127. ते वाचूनच माझं कमानीतलं लक्ष उडालं.

1966 च्या नगररचना कायद्यातलं हे कलम जमीनमालकाच्या हातातलं हत्यार आहे. अंतिम विकास योजना लागू होऊन दहा वर्षं उलटली आणि बाग, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी आरक्षित ठेवलेली जागा नगरपरिषदेने घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर आमच्या हाती 24 महिने. तेवढ्यात संपादनाचं पाऊल पडलं नाही तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. पूर्वी नगरपरिषदा सभेत ठराव करून कलेक्टर कचेरीला पत्र धाडायच्या आणि तेच पाऊल म्हणायच्या. 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट बंद केली.

आबांची जागा 32 गुंठे. आरक्षण क्रमांक 14, बगीचा. जुन्या पेठेलगत मोकळी म्हणावी अशी तेवढीच जमीन. आरक्षणामुळे बांधकाम परवानगी नाही, बँक कर्जाला उभं करत नाही. तरी त्यांनी कुंपण घातलेलं नाही. पेठेतली पोरं तिथे क्रिकेट खेळतात.

“बागंत बसायचं वय झालं माझं मॅडम, बाग काय झाली न्हाई,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मलाच जास्त लागलं.

नोटीस आवक करून घेतली आणि लेखापालांकडे गेले. रेडीरेकनरचा दर, त्यावर 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे थेट दुप्पट. त्यांनी आकडा मांडला, चष्मा काढला आणि कारंज्याची फाइल पुढे सरकवली. सुशोभीकरणाचा निधी आलाय, पण त्याचं लेखाशीर्ष वेगळं. त्यातून कारंजं होतं, दुभाजकातली झाडं होतात, जमीन घेता येत नाही. दुभाजकात पोरं खेळणार कुठे, हे लेखाशीर्षाला विचारता येत नाही.

पैसे नाहीत तर टीडीआर द्या, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वाढीव बांधकामाचा विकता येणारा हक्क, असं कुणीही सुचवेल. 2020 च्या एकत्रित नियमावलीने तो आमच्यासारख्या गावांनाही खुला आहे. पण आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घ्यायला गिऱ्हाईक मिळत नाही. वाढीव बांधकामाचा हक्क विकत कोण घेणार? पुण्यात जो कागद सोनं, तो इथे रद्दी.

उरलं समावेशक आरक्षण: मालकाने काही भाग बागेसाठी तयार करून नगरपरिषदेला द्यायचा, उरलेला स्वतः वापरायचा. आबांना बसवलं, चहा मागवला आणि मोजणी नकाशाच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने रस्त्याकडची पट्टी आखून दाखवली.

“ह्यात दोन पोरांची दोन घरं बसतील?”

“बसतील, आबा. पण नोटीस मागे घेऊ नका. ती चालू राहू दे.”

हे सरकारी नोकराने सांगावं का, यावर शेजारच्या टेबलावरून कटाक्ष आलाच. माझं मत आजही तेच आहे. नोटीस फाइलला असेल तरच ती फाइल हलते.

संध्याकाळी मुख्याधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विषयपत्रिकेचा मसुदा मागवून आरक्षण 14 चा विषय कारंज्याच्या वर घेतला. विषय खाली गेला की नगरसेवक चहाला उठतात, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक. कमानीचे खांब मात्र 18 मीटरच्या बाहेर घ्यायला बांधकामवाले अजून तयार नाहीत. त्यांना मी आता लेखी दिलंय.