बुडापेस्टच्या तळघरात बसंत मुखारी

दान्यूबवरची रात्रीची बोटफेरी, संसदेची रोषणाई, गरम पाण्याची कुंडं हे सगळं मी पाहिलं आणि ते सुंदर आहे. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून मी लिहीत नाही.

मुक्काम सातव्या जिल्ह्यात, जुन्या ज्यू वस्तीत होता. दोहान्य रस्त्यावर १८५९ सालचं सिनगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. युरोपातलं सगळ्यात मोठं, तीनेक हजार माणसं बसतील एवढं. १९४४-४५च्या हिवाळ्यात या वस्तीला कुंपण घालून ज्यूंना आत कोंडलं होतं. उपासमारीने आणि थंडीने गेलेल्यांपैकी दोन हजारांहून जास्त माणसं सिनगॉगच्या अंगणातच पुरली आहेत. तिथून पाच मिनिटं चाललं की काझिन्सी रस्त्यावर दारूचे अड्डे लागतात आणि पहाटेपर्यंत आरडाओरडा चालतो. मला ते सहन झालं नाही.

त्याहून जास्त त्रास झाला तो एका रेस्टॉरंटात. साठीचे एक रोमा (ज्यांना जिप्सी म्हणतात त्या समाजाचे) व्हायोलिनवादक टेबलाटेबलाशी जाऊन वाजवत होते. रोज तेच, पर्यटकांना हवं असलेलं ‘चार्दाश’ नावाचं नाचाचं संगीत. ते मुळात मोंटी नावाच्या इटालियन माणसाने रचलेलं आहे, पण इथे ते हंगेरीची ओळख म्हणून खपतं. शेजारच्या टेबलावरच्यांनी तोंडातला घास न थांबवता त्यांना हातानेच ‘पुढे जा’ म्हणून सांगितलं. इतका तयार हात, आणि ही वागणूक! आमच्यापाशी आले तेव्हा मी काटा-सुरी खाली ठेवली आणि विचारलं, “तुम्हाला आवडतं ते वाजवाल का?” त्यांनी मॅनेजरकडे एक नजर टाकली आणि हलक्या आवाजात एका तळघराचा पत्ता सांगितला. गुरुवारी, रात्री नऊला. त्यांची नोकरी आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

तळघरात पंचवीस-तीस खुर्च्या होत्या. व्हायोलिनवर तेच, सोबत गिटार, उभा बास आणि त्सिंबालोम. त्सिंबालोम म्हणजे संतूरच्या कुळातलं मोठं, चार पायांचं वाद्य. काड्यांच्या टोकांना कापूस गुंडाळलेला, आणि आस दाबायला पायाशी पेडल.

पहिलीच चाल सुरू झाली आणि मी ताठ बसले. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, वर धैवत-निषाद दोन्ही कोमल. खाली भैरव, वर भैरवी. हा तर आपला बसंत मुखारी राग! ज्यू प्रार्थनेत या स्वरावलीला अहावा रब्बा म्हणतात. मांडणी अर्थातच आपली नव्हती. स्वर सोडता सोडता त्यांचं वरचं बोट तारेला निसटतं शिवायचं आणि आवाज घशात अडकल्यासारखा तुटायचा. ज्यू वादकांची ही खास जागा. मी पहिल्या रांगेत होते, ते बोट मला स्पष्ट दिसत होतं, तरी प्रत्येक वेळी आतून हलायला व्हायचं.

मध्यंतरात त्यांनी सांगितलं ते असं. मारामारोश भागात, म्हणजे आजच्या रोमानियाच्या उत्तरेला, ज्यूंच्या लग्नांत रोमा वादकांचे ताफे वाजवायचे. आज हंगेरियन लग्न, उद्या रोमानियन, परवा ज्यू. ज्याचं लग्न त्याच्या चाली, आणि त्या तशाच्या तशा यायलाच हव्यात, नाहीतर बिदागी नाही. मग १९४४ साली, १५ मे ते ९ जुलै या आठ आठवड्यांत, हंगेरीच्या ताब्यातल्या प्रदेशातून सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यू गाड्यांत कोंबून नेले गेले, बहुतेक सगळे ऑशविट्झच्या मृत्युछावणीत. लग्नं लावणारी माणसंच उरली नाहीत. रोमांचीही कत्तल झाली. पण जे वादक वाचले त्यांच्या बोटांत त्या चाली राहिल्या. मुझिकाश या हंगेरियन ताफ्याने १९९३ साली त्यांची ध्वनिमुद्रिका केली तेव्हा सोबत वाजवायला बसले ते गेओर्गे कोवाच आणि आर्पाद तोनी. दोघेही रोमा, तरुणपणी ज्यू लग्नांत वाजवलेले.

आजकाल कुठलीही दोन वाद्यं शेजारी बसवून फ्यूजन म्हणतात, त्याचा मला मनापासून कंटाळा आहे. इथे पोटासाठी दुसऱ्याचं गाणं शिकलेली माणसं होती, आणि ते दुसरे गेल्यावरही त्यांनी ते गाणं टाकलं नाही.

उत्तरार्धात गिटारचा बाज बदलला. प्रत्येक मात्रेला कोरडा, तुटक ठोका. १९३४च्या सुमाराला पॅरिसमध्ये गिटारवादक जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांच्या पाचजणांच्या जॅझ ताफ्याने रूढ केलेला. ढोल-ड्रम काही नाही, गिटारच ताल धरतं. त्यावर व्हायोलिनने तीच ज्यू चाल उचलली, पण सम टाळून, थोडी मागे रेंगाळत. ते घशात अडकणारं बोट तिथेही होतं, फक्त आता ते हसत होतं.

संपल्यावर मी त्यांना बसंत मुखारीचे चार आलाप गुणगुणून दाखवले. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत त्यांनी व्हायोलिनवर उचललेही. कोकणात मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू आहेत आणि ते मराठीत कीर्तनं करत आले, हे सांगितल्यावर त्यांनी त्सिंबालोमवाल्याला हाक मारून मला सगळं पुन्हा सांगायला लावलं.

तिकीट नव्हतं, दाराशी टोपी ठेवली होती. बाहेर बिअरवर बिअर रिचवणाऱ्या लोकांनी त्यात चिल्लर टाकलेली पाहून संताप आला. तुम्ही गेलात तर नोटा जवळ ठेवा. तळघर सापडलं नाही तरी रेस्टॉरंटात जो कुणी टेबलाशी येईल त्याला मारामारोशची ज्यू चाल मागा. ते म्हणाले, “तिथे नोकरी धरल्यापासून ती कुणीच मागितलेली नाही.”